बर्फाची फेरी

जिजानं सरांच्या डाव्या पायाचा बूट उलटा करून मांडीवर घेतला आणि मला दारात पहाऱ्याला उभं केलं. आंधळीला पहाऱ्याला उभं करायचं डोकं फक्त जिजाचंच चालू शकतं.

“कोनी आलं त सांग,” ती कुजबुजली.

“दिसलं की सांगते.”

“कान दे, कुंदे. मोठी शायनी.”

मोहोड सर आत जेवायला बसले होते. कॅनव्हासचे रबरी बूट ते जेवणघराबाहेर काढून ठेवायचे. जिजानं नोटीस बोर्डावरची पिन उपटून आणली होती. ती तिनं बुटाच्या तळाला आधी अंगठ्यानं दाबली, मग फरशीच्या तुकड्यानं ठोकून पार आत बसवली.

“मोजे नाही घालत हा मानूस,” ती म्हणाली. “तरी वास नाही बुटाले. पावडर टाकत असंन.”

आमचं केंद्र अकोल्याच्या कडेला, हायवेपासून थोडं आत होतं. नजर गेलेल्या, किंवा जिजासारख्या जन्मापासून नसलेल्या बायका-मुली तिथं राहायच्या आणि मोहोड सर आम्हाला पांढऱ्या काठीनं चालायला शिकवायचे. माझ्या अंगावर विसाव्या वर्षी तापाच्या गोळ्या उलटल्या आणि डोळे गेले. त्यानंतरचे दिवस मी मूर्तिजापूरला भावाच्या घरात भिंती चाचपत काढले. केंद्रात आले तेव्हा मला ताटातली भाजीसुद्धा सापडत नव्हती.

तिथल्या शेवटच्या परीक्षेला सगळे बर्फाची फेरी म्हणायचे. मे महिन्यात भर दुपारी सर हातात गोणपाटाची पिशवी द्यायचे. हायवेच्या पलीकडे बर्फाचा कारखाना होता, तिथून बर्फ घेऊन यायचं, एकटीनं. परत आल्यावर पिशवीत जेवढा उरेल तेवढ्याचं लिंबाचं सरबत व्हायचं आणि ते सगळ्यांना गार लागलं पाहिजे. वाटेत कोणाला रस्ता विचारायची मुभा होती. पण सरांचा हात अंगाला लागला किंवा सरांनी हाक मारली, की नापास.

कारण सर मागे असायचे. ते कधी कबूल करायचे नाहीत. “मी आपला फाटकापाशी बसून असतो,” म्हणायचे. पण आदल्या वर्षी एका मुलीला ट्रकसमोरून मागे ओढणारा हात कोणाचा होता, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्या रबरी बुटांमुळे सर कुठं आहेत याचा पत्ता लागायचा नाही आणि तेच जिवाला खायचं.

संध्याकाळी सर व्हरांड्यातून गेले. फरशीवर बारीक आवाज आला, टिक, टिक. जिजानं माझा दंड इतका जोरात दाबला की मी ओरडणारच होते.

“आता जा बर्फ आनाले,” ती म्हणाली. “देव मांगं टिकटिक करत येते तुह्या.”

फेरी जमली की सर कागदावर एकच इंग्रजी शब्द लिहायचे, इंडिपेंडंट. नाही जमली तर ‘विथ हेल्प’. पुण्याला टेलिफोन ऑपरेटरच्या कोर्सला माझं नाव लागलं होतं. पण तिथलं वसतिगृह त्या शब्दाशिवाय दारात उभं करत नव्हतं. म्हणजे तो शब्द मिळाला तर पुणं, नाही तर मूर्तिजापूर.

जिजाला त्या शब्दाचं काही कौतुक नव्हतं. “माहा मामा इलेक्शनले इंडिपेंडंट उभा रायला होता,” ती म्हणायची. “शिलाई मशीन चिन्ह भेटलं. डिपॉझिट गेलं. मामीच्या माहेरच्यायनंबी मत देल्लं नाही. इंडिपेंडंट म्हंजे ज्याच्या मांगं कोनीच नाही तो, मी सांगतो तुले.”

जिजा स्वतःबद्दल बोलताना ‘सांगतो, जातो’ असंच बोलायची. तिला कोणी हटकत नसे.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच भाऊ जीप घेऊन हजर झाला. दिगंबर माझा थोरला भाऊ, मूर्तिजापूरला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. आईवडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, आणि बावीस वर्षांची झाले तरी तो मला बेबीच म्हणायचा.

“बेबी, घर झालं आपलं,” तो व्हरांड्यातूनच ओरडला. “इंडिपेंडंट घर! ना वरते कोनी, ना बाजूले कोनी. मांगची खोली तुह्यी. संडास-बाथरूम आतूनच काढलं. तुले बाहेर निंघाचं कामच नाही पडत.”

“हो?”

“पलंगाजवळ बेल बसोली. बटन दाबलं का वहिनी हजर.”

ती बेल त्यानं स्वतःच्या हातानं बसवली असणार. वायर कुठून नेली, बटण किती उंचीवर घेतलं, सगळं मला विचार करून केलेलं ऐकू येत होतं. भावानं मारझोड केली असती, तोडून बोलला असता, तर माझं काम सोपं होतं. त्याच्या मायेचीच मला भीती वाटत होती.

“भाऊ, माही आज परीक्षा हाय.”

“मालूम हाय ना. दे परीक्षा. पन पास झाली तरी पुन्याले कायले जातं? कोन हाय तिथं आपलं?”

दुपारी सर पिशवी घेऊन आले. टिक, टिक, टिक. माझ्या छातीतली धडधड जरा खाली बसली.

“सर, या उन्हात?” भाऊ म्हणाला. “मी जीपनं आनतो ना बर्फ. किती लागते, सांगा.”

“तुम्ही बसा,” सर म्हणाले. “बर्फ हिनं आणायचाय.”

“अन् वाटंत पानी झालं त्याचं तर?”

“तर ही तुमच्या जीपमध्ये बसेल.”

भाऊ खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. सरांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि फाटकाची कडी काढली.

“पावलं मोजू नकोस,” ते म्हणाले. “रस्ता ऐक. जा.”

जाताना मी जवळजवळ मिरवत गेले. फाटकातून डावीकडे गल्ली, पुढं तेलाची गिरणी, तिथला सरकीच्या पेंडीचा वास इतका दाट की तो चुकणं शक्यच नव्हतं. मग डांबरी रस्ता आणि हायवेच्या तोंडावर रसवंती. चरक फिरला की त्याला बांधलेली घुंगरं वाजायची. गल्लीच्या मातीत मागचा आवाज बंद झाला होता, पण डांबर लागल्याबरोबर तो परत सुरू झाला. टिक, टिक. मी थांबले की तो थांबायचा. मी निघाले की तो निघायचा. हायवेवर मी काठी पुढं धरली, गाड्यांमधली फट ऐकली आणि सरळ ओलांडून गेले. चुकले असते तर मागून हात आलाच असता. नापास झाले असते, पण मेले नसते. एवढा भरवसा असला की माणूस फार छान चालतं.

कारखान्यातल्या माणसानं बर्फाचा मोठा तुकडा फोडून पिशवीत टाकला.

“भुसा टाकू का, ताई?”

“टाका. भरपूर टाका.”

पिशवी जड होती आणि गार. मांडीला लागली तर बरं वाटायचं. मी बाहेर पडून हायवेच्या कडेला आले, पलीकडच्या घुंगरांचा कानोसा घेतला आणि फट येण्याची वाट पाहत उभी राहिले. मागे टिक, टिक, आणि मग शांत. म्हणजे सरही उभे राहिले. मला हसू आलं.

तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरला.

“चाला ताई, म्या सोडतो.”

“नको, मी जाते—”

“अवं चाला ना, धर्माचं काम हाय,” म्हणत तो गडी मला ओढतच घेऊन निघाला. दंडाला आणि पिशवीला एकदम हिसका बसला. मी काठी टेकायला बघत होते, तो मला उचलल्यासारखा नेत होता. एक वळण घेतलं, कुठला तरी रस्ता ओलांडला, की दोन ओलांडले, मला कळलं नाही. मी ओरडले, “अहो, कुठं नेता?” तर म्हणाला, “घाबरू नोका, आलंच.” मग त्यानं मला एका जागी उभं केलं.

“हे घ्या. अकोटची गाडी इथंच लागते. बसा निवांत.” आणि पुण्य पदरात पाडून तो गेला.

मी तशीच उभी राहिले. आजूबाजूला कुठलीच खूण ओळखीची नव्हती. पेंडीचा वास नाही, घुंगरं नाहीत. पिशवीतून पाणी गळून माझ्या पायावर पडत होतं. मी कान लावला तो एकाच आवाजासाठी.

टिकटिक नव्हती.

आधी वाटलं, सर मातीत उभे असतील. काठी आपटून पाहिली, डांबर होतं. चार पावलं मुद्दाम चालले आणि थांबले. काही नाही. परत चालले. काही नाही. त्या गड्याच्या ओढाताणीत सर मागे राहिले, चुकामूक झाली, किंवा त्यांनी ते खरोखरच बघितलं नाही. कसंही असो, ते नव्हते.

“सर?” मी हळूच म्हटलं.

एक एस.टी. गेली. धूळ तोंडात आली.

“सर, मी चुकले,” मी मोठ्यांदा म्हटलं. “नापास करा मला. पण या.”

कोणी आलं नाही. कोणी तरी हसलं, ते माझ्याकडे बघून की आपल्यातच, देव जाणे. मला सरांचा असा राग आला, की ते समोर असते तर मी काठी फेकून मारली असती. महिनोन् महिने चालायला शिकवलंत आणि नेमक्या वेळेला कुठं कडमडलात? भावाच्या बेलचं बटण त्या क्षणी हाताशी असतं, तर मी ते दाबलं असतं. अगदी खरं सांगते, दाबून धरलं असतं.

रागानं थोडा फायदा होतो. रडू मागे जातं. मी पिशवी छातीशी धरली आणि ऐकायला लागले. टिकटिक सोडून बाकीचं. मोठ्या गाड्या कुठून कुठं जातात? डावीकडून उजवीकडे, समोरून. म्हणजे हायवे माझ्या पुढ्यात आहे. मघाशी ओढत नेताना गाड्या सगळा वेळ एकाच बाजूला होत्या, म्हणजे तो अजून ओलांडलेला नाही. गड्यानं मला कडेनं नेलं असणार. पण डावीकडे नेलं की उजवीकडे?

शेजारी कोणाच्या तरी हातात शेंगांची पुडी वाजत होती.

“दादा, रसवंती कुठं दिसते का?”

“रसवंती? इथं कुठं?” तो म्हणाला. “मले नाही दिसत. लांब असंन. मी सोडू का?”

“नको!” मी इतक्या जोरात म्हटलं की तो बाजूला सरकला.

घुंगरं वाजली तरच कळणार होतं. आणि या उन्हात रसवंतीवर गिऱ्हाईक आलं, तरच ती वाजणार होती. मी उभी राहिले. डोक्यावर ऊन, चपलेखाली डांबर इतकं मऊ झालेलं, की पाय उचलला की चिकटलेला आवाज यायचा. पिशवी हलकी होत चालली होती, ते हाताला कळत होतं. आता निघावं, कुठल्या तरी बाजूला चालायला लागावं, असं शंभरदा वाटलं. चुकीच्या बाजूला गेले असते तर बर्फ संपला असता. मी निघाले नाही. ओठ चावून उभी राहिले.

किती वेळानं, सांगता येणार नाही, पण लांब, डाव्या हाताला, गाड्यांच्या पलीकडे, घुंगरं वाजली.

मी काठी फिरवली आणि कडेकडेनं डावीकडे चालायला लागले. घुंगरं थांबायची, मी थांबायचे. परत वाजायची, मी निघायचे. ती बरोबर समोर आली तेव्हा मी हायवेकडे तोंड केलं. मघाशी याच हायवेवरून मी मिरवत आले होते. आता पाय उचलत नव्हता. एक ट्रक गेला, दुसरा गेला, एक फट आली आणि मी ती जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. मांडीवरून पाणी वाहत होतं. तिसऱ्या फटीला मी उतरले.

अर्ध्यावर उजवीकडून एकदम हॉर्न आला. मी जागच्या जागी थांबले, काठी उभी वर धरली. ब्रेक करकचले, गरम वाफ तोंडावर आली.

“मराचं हाय काय बाई?” वरून ड्रायव्हर ओरडला.

“नाही!” मी ओरडले, आणि चालत राहिले.

काठी पलीकडच्या दगडाला लागली. रसाचा वास आला, मग पेंडीचा. पेंडीचा वास मला इतका लाडका कधी वाटला नव्हता. गल्लीत शिरले, फाटक लागलं आणि आतून भाऊ धावत आला.

“बेबी! किती वेळ लावला! दे ते इकडे.”

“हात लावू नको, भाऊ,” मी म्हटलं. पिशवी मी स्वतः व्हरांड्यातल्या परातीत उलटी केली. भुसा पडला, पाणी पडलं आणि मग टण्णकन वाजलं. हात फिरवून पाहिलं. नारळाएवढा एक तुकडा उरला होता आणि शेजारी एक बारका.

जिजा आरोळी ठोकत आली. स्वयंपाकाच्या सोनामावशींनी लिंबं चिरायला घेतली. मी मात्र रागानं धुमसत होते.

“सर कुठं आहेत?”

“आत्ताच आले बाप्पा, मांगच्या दारानं,” मावशी म्हणाल्या. “हे काय, खुर्चीवर बसले.”

“कुंदा,” सरांचा आवाज आला, जरा ओढल्यासारखा. “पास. कागद उद्या देतो.”

“तुम्ही कुठं गेला होतात?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “मी हाका मारल्या तुम्हाला.”

“ऐकल्या.”

भावानं मागून माझ्या खांद्याला हात लावला. “बेबी, पास केलं त्यायनं. पाया पड सरांच्या.”

केंद्रात सर कोणाला पाया पडू द्यायचे नाहीत. पण भाऊ उभा होता, आणि वळण ते वळण. मी आवाजाच्या दिशेनं पुढं झाले आणि वाकले.

“नको, अगं नको—” सर पाय मागे घेत म्हणाले, पण तोवर माझी बोटं टेकली होती.

बूट नव्हते. पाय अनवाणी होते आणि तव्यावरून काढल्यासारखे गरम. सरांनी दातांतून श्वास ओढला. माझी बोटं पावलाच्या कडेवरून तळव्याकडे गेली. तिथं कातडी फुगून आली होती, एका जागी फुटून ओली झाली होती.

“सर, बूट?”

“आहेत. मागच्या दारात ठेवलेत.”

“तुम्ही अनवाणी—”

“त्या टिकटिकीवर चालत होतीस तू,” सर म्हणाले. “थांबून थांबून ती ऐकत होतीस. हायवेच्या कडेला उभी राहून चक्क हसलीस. तेव्हाच ठरवलं, हा आवाज बंद करायचा. आधी पिनच काढायला गेलो, तर नखानं निघेना. तेवढ्यात तो बाप्या तुला घेऊन निघाला. मग बूटच काढून हातात घेतले.”

जिजा माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं.

“पिनीचं तुम्हाले माहीत होतं?” ती म्हणाली.

“बूट माझे आहेत, जिजा. पहिल्याच संध्याकाळी कळलं.”

“मंग काढली काहून नाही?”

“वाटलं, असू दे तेवढा आधार.”

मी अजून खालीच बसले होते. घुंगरं वाजायची वाट पाहत मी त्या डांबरावर जितका वेळ उभी होते, तितका वेळ हा माणूस माझ्यापासून दोन हातांवर अनवाणी उभा होता. मी फटी जाऊ देत होते, तेव्हाही. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते, तेव्हाही. मला हुंदका आला, तो मी दाबला नाही.

“ट्रकच्या वेळी हात पुढं केला होता मी,” सर म्हणाले. “तुझी ओढणी बोटांना लागली. मग तू काठी वर केलीस, म्हणून परत घेतला.”

“मग तो शब्द लिहू नका,” मी म्हटलं. “तुम्ही होतात. मी एकटी कुठं होते?”

“तुला माहीत होतं का मी आहे ते?”

“नाही.”

“रस्ता कोणी काढला?”

मी ओढणीनं नाक पुसलं.

“मागे राहणं माझं काम होतं. रस्ता काढणं तुझं,” सर म्हणाले. “दोन्ही झालं. आता तो बर्फ आण इकडे, फार भाजतंय.”

मी परात ओढली. तुकडा ओढणीच्या टोकात धरला आणि त्यांच्या तळव्याला लावला. आधी पाय थरथरला, मग हळूहळू सैल पडला. सोनामावशींची सुरी लिंबावर थांबली होती.

“म्हंजे आज सरबत नाही,” शेवटी जिजा म्हणाली, आणि मग तीच रडायला लागली.

भाऊ माझ्या शेजारी येऊन उकिडवा बसला. त्यानं माझ्या हातून बर्फ घ्यायला हात पुढं केला, मग थांबला, आणि परातीतला दुसरा बारका तुकडा उचलून सरांच्या दुसऱ्या पायाला लावला. बर्फ संपेपर्यंत आम्ही बहीणभाऊ असेच बसून राहिलो.

निघताना त्यानं माझी ट्रंक मागितली नाही. जीपचं दार उघडलं, बंद झालं, परत उघडलं. चपला व्हरांड्यापर्यंत परत आल्या.

“बेबी,” तो म्हणाला, “मंग त्या मांगच्या खोलीत मी वाइंडिंगचं सामान ठेवू काय?”



“ठेव,” मी म्हटलं. “मी आली का समोरच्या खोलीत झोपीन.”